गुरुवारचा मंगळवार : एक्सपायरी बदलाच्या नोंदी

प्रकल्प : वायदे आणि ऑप्शन्सच्या (ठरल्या भावाने घेण्या-विकण्याचा हक्क) एक्सपायरीचा, म्हणजे करार संपण्याचा, वार बदलणे
कुठे : मुंबईतली एक मध्यम आकाराची ब्रोकिंग कंपनी
काय काय येतं : आरएमएस (ग्राहकांची जोखीम सांभाळणारी प्रणाली), ऑप्शन्सचं किंमत-इंजिन, बॅक ऑफिसच्या फायली, ग्राहकांना जाणारे निरोप

२६ मे २०२५, सोमवार

सेबीचं सर्क्युलर आलं. यापुढे इक्विटी डेरिव्हेटिव्हची (शेअर आणि निर्देशांकांवरचे वायदे-ऑप्शन्स) एक्सपायरी मंगळवार किंवा गुरुवार, या दोनच वारी ठेवता येणार. एक्सचेंजने आपला वार १५ जूनपर्यंत कळवायचा, आणि नंतर सेबीला विचारल्याशिवाय बदलायचा नाही. सरांनी ग्रुपवर टाकलं, "किती दिवसांचं काम?" कोणीच उत्तर दिलं नाही. मान्सून आजच मुंबईत दाखल झालाय, आचार्य अत्रे चौकाच्या मेट्रो स्थानकात पाणी शिरलंय आणि अर्धी टीम घरून काम करतेय. उत्तर न द्यायला एवढं कारण पुरे होतं.

या नोंदी पुढे वाचणाऱ्यासाठी थोडी पार्श्वभूमी. निफ्टीचे वायदे १२ जून २००० ला सुरू झाले, तेव्हापासून एक्सपायरी महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी. बँक निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन्स मे २०१६ मध्ये आले, निफ्टीचे फेब्रुवारी २०१९ मध्ये, तेही गुरुवारीच. आमचा बराचसा कोड त्या काळात लिहिलेला. मग २०२३ पासून वारांची पळापळ सुरू झाली. बीएसईने मे २०२३ मध्ये सेन्सेक्सचे ऑप्शन्स शुक्रवारची एक्सपायरी ठेवून नव्याने आणले, सप्टेंबरात बँक निफ्टी बुधवारी गेला. एक काळ असा होता की सोमवार ते शुक्रवार रोज कुठल्या ना कुठल्या निर्देशांकाची एक्सपायरी असायची. २० नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने एका एक्सचेंजला एकच साप्ताहिक निर्देशांक ठेवायला सांगितलं, तेव्हा जरा उसंत मिळाली. जानेवारीत सेन्सेक्स मंगळवारी आला. मार्चमध्ये एनएसईने जाहीर केलं की ४ एप्रिलपासून सगळं सोमवारी. आम्ही कामाला लागलो. २७ मार्चला सेबीचा चर्चेचा मसुदा आला आणि सोमवार लांबणीवर पडला. "सोमवार" नावाची कोडची ब्रँच (वेगळी प्रत) अजून तशीच पडून आहे. आता ती मिटवायला हरकत नाही.

२९ मे, गुरुवार

कोडमध्ये शोधाशोध. "थर्सडे" शब्द शोधला तर मोजकीच ठिकाणं सापडली आणि सगळ्यांना हायसं वाटलं. मला नाही वाटलं. वार शब्दात लिहिणारे लोक थोडे, आकड्यात लिहिणारे फार.

आणि आकडे एकसारखे नाहीत. पायथनच्या वीकडे फंक्शनमध्ये सोमवार शून्य, म्हणून गुरुवार ३. जावात सोमवार १, म्हणून गुरुवार ४. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी जॉब चालवणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम) रविवार शून्य, गुरुवार पुन्हा ४. मायएसक्यूएलच्या डेऑफवीकमध्ये रविवार १, म्हणून गुरुवार ५. पण त्याच मायएसक्यूएलच्या वीकडेमध्ये गुरुवार ३. एक्सेलमध्ये काही न सांगता विचारलं तर ५.

यातली मेख अशी, की पायथनमधला ३ गुरुवार असतो आणि एक्सेलमधला ३ मंगळवार. कोणी उत्साहात सगळीकडे "३ च्या जागी १" केलं, तर अर्ध्या ठिकाणी मंगळवार येईल आणि उरलेल्या ठिकाणी रविवार. ज्युनिअरने सकाळी नेमकी हीच स्क्रिप्ट लिहायला घेतली होती. त्याला म्हटलं, थांब, आधी प्रत्येक ठिकाणी हा आकडा कोण वाचतं ते लिहून काढ. तोंड वेडंवाकडं केलं त्याने, पण यादी चांगली केली.

४ जून, बुधवार

यादी वाढतेय. कोडच्या बाहेर सापडलेल्या गोष्टी:

क्रॉनमध्ये गुरुवारी संध्याकाळी चालणारी जॉब्स. संपलेले करार आर्काइव्हमध्ये हलवणं, एक्सरसाइज झालेल्या, म्हणजे हक्क बजावलेल्या, ऑप्शन्सवरचा एसटीटी हा व्यवहार कर मोजणं (आंतरिक मूल्यावर ०.१२५ टक्के, बाजारात विकलेल्या ऑप्शनला प्रीमियमवर, म्हणजे ऑप्शनच्या किमतीवर, ०.१ टक्का, हा हिशेब वेगळा), दुसऱ्या दिवसाच्या पोझिशनची फाइल बनवणं.

सर्व्हरच्या देखरेखीत "गुरुवारी ऑर्डर्सचा लोंढा नेहमीचाच" म्हणून वाढवून ठेवलेल्या मर्यादा. इतर वारी तेवढ्या ऑर्डर्स आल्या तर फोन वाजतो, गुरुवारी वाजत नाही.

मार्केटिंगचे एसएमएस. हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांमुळे एसएमएसचा मजकूर आधी डीएलटी या नोंदणी मंचावर नोंदवावा लागतो, आणि आमच्या एका टेम्पलेटमध्ये "गुरुवार" हा शब्द पक्का आहे, बदलता येणारा रकाना नाही. म्हणजे नवा मजकूर, नवी मंजुरी. त्यांना आजच कळवलं. उत्तर आलं, "ऑगस्टमध्ये बघू."

आणि बॅक ऑफिसच्या काकांची एक्सेल. काकांकडे मॅक्रोची एक फाइल आहे. तिच्यावर काही मोठ्या ग्राहकांचे हिशेब चालतात, आणि ती कुठल्याही सर्व्हरवर नाही. फाइल मागितली तर म्हणाले, "देतो की. पण आधी सांग, मंगळवार कोण घेतंय, एनएसई का? मग जुनंच झालं." मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. रोलिंग सेटलमेंट (प्रत्येक दिवसाच्या सौद्यांचा हिशेब वेगळा) येण्याआधी एनएसईचा आठवडा बुधवारी सुरू होऊन मंगळवारी संपायचा आणि बीएसईचा सोमवार ते शुक्रवार. मंगळवारी एनएसईवरचा सौदा बीएसईवर ढकलायचा, शुक्रवारी तिकडून परत इकडे, असं करत माणसं पैसे न देता महिनोन्महिने पोझिशन ओढायची. जुलै २००१ मध्ये बदला (सौदा पुढच्या हिशेबात ओढायची सोय) बंद झाला, रोलिंग सेटलमेंट आलं आणि तो खेळ संपला. काका तेव्हा नोकरीत नवे होते. "मंगळवारी संध्याकाळी घरी जायची वेळ ठरलेली नसायची," म्हणाले. फाइल मात्र दिली नाही.

१७ जून, मंगळवार

ठरलं. एनएसईने मंगळवार घेतला, बीएसईने गुरुवार. ३१ ऑगस्टपर्यंत संपणारे करार जुन्याच वारी संपतील, १ सप्टेंबरपासून नवा वार. म्हणजे दोघांनी वारांची अदलाबदल केली.

बाकीचे खूश आहेत, कारण वार तेच दोन. मला हीच सगळ्यात वाईट शक्यता वाटत होती. एक्सपायरी सोमवारी गेली असती तर विसरलेली जागा चटकन उघडी पडली असती: सोमवारी जॉब चाललाच नाही, कोणीतरी ओरडलं असतं. आता मंगळवारीही काहीतरी संपणार आणि गुरुवारीही. विसरलेला कोड दोन्ही दिवशी निमूट चालेल, फक्त निफ्टीचं काम सेन्सेक्सवर करेल आणि सेन्सेक्सचं निफ्टीवर. लॉगमध्ये लाल अक्षर एक दिसणार नाही.

मीटिंगमध्ये हे सांगितलं. रिस्कच्या मॅडमना ते एका वाक्यात पटलं. त्यांनी आकडा मांडला: एक्सपायरीच्या दिवशी त्याच दिवशी संपणाऱ्या निर्देशांक ऑप्शन्सच्या विक्रीवर दोन टक्के जादा ईएलएम (टोकाच्या तोट्यासाठीचं मार्जिन, म्हणजे आगाऊ ठेव) लागतो. निफ्टी २४,५०० धरला आणि लॉट (एका कराराचा आकार) ७५ चा, तर एका लॉटचं मूल्य १८ लाख ३७ हजार ५००, त्याचे दोन टक्के म्हणजे ३६,७५०. "आज एक्सपायरी" ही खूण चुकीच्या निर्देशांकावर पडली, तर प्रत्येक विकलेल्या लॉटमागे एवढं मार्जिन आपण कमी घेणार. क्लिअरिंग कॉर्पोरेशन (सौद्यांची हमी घेणारी संस्था) दिवसात किमान चार वेळा न सांगता मार्जिनचा स्नॅपशॉट घेतं. तुटवड्याचा दंड तिथून येतो.

शिवाय त्याच खुणेवर कॅलेंडर स्प्रेडची (वेगवेगळ्या मुदतींच्या उलटसुलट पोझिशनची) मार्जिन सवलतही अवलंबून आहे. १ फेब्रुवारीपासून एक्सपायरीच्या दिवशी त्या कराराला ती मिळत नाही. एक खूण, आणि तिच्यावर एवढा डोलारा.

२४ जून, मंगळवार

रचनेवरून वाद. तीन मतं पडली.

सरांचं मत : एक कॉन्फिग ठेवा, निफ्टीपुढे मंगळवार, सेन्सेक्सपुढे गुरुवार, संपलं. ज्युनिअरचं मत : तेच, पण लागू होण्याची तारीख जोडून. माझं मत : वार कुठेही मोजायचाच नाही. एक्सचेंज रोज सकाळी कॉन्ट्रॅक्ट फाइल देतं, तिच्यात प्रत्येक कराराची एक्सपायरी लिहिलेली असते. ती वाचा. निफ्टी आज संपतो की नाही हे विचारायला कॅलेंडर कशाला लागतं?

सर म्हणाले, फाइल उशिरा आली तर? रास्त प्रश्न. पण फाइल आली नाही तर आमचं काहीच सुरू होत नाही, ना लॉट, ना भावाची टिक, ना कराराचं टोकन. एक्सपायरीपुरता वेगळा आधार ठेवून काय साधणार?

शेवटी माझं मत राहिलं, एका अटीवर. मोजणी पूर्ण टाळता येत नाही. बॅकटेस्टला (जुन्या डेटावरची चाचणी) २०१९ ची एक्सपायरी लागते आणि तेव्हाच्या सगळ्या फायली आमच्याकडे नाहीत. अजून बाजारात न आलेल्या करारांचा अंदाजही काही ग्राहकांच्या अहवालात जातो. म्हणून नियमांचा एक तक्ता करायचा: निर्देशांक, वार, कधीपासून, कधीपर्यंत. पहिल्या नोंदीतला सगळा इतिहास त्यात ओळीओळीने गेला. लाइव्ह व्यवहारात या तक्त्याचा उपयोग एकच: फाइल आणि तक्ता जुळत नसतील तर थांबायचं आणि माणसाला फोन करायचा. मशीनने आपल्या मनाने एक बाजू निवडायची नाही.

नव्या माणसासाठी टीप. एनएसईच्या फाइलमधली एक्सपायरी १ जानेवारी १९८० पासूनच्या सेकंदांत असते. युनिक्सची वेळ हवी तर त्यात ३१,५५,३२,८०० मिळवायचे. तो आकडा भारतीय वेळेचाच असतो, त्यामुळे वाचताना यूटीसी समजून वाचायचा. पुन्हा भारतीय वेळ लावली की साडेपाच तास पुढे जातो. दरवर्षी कोणीतरी नवीन येतो आणि यात एक दुपार घालवतो.

१ जुलै, मंगळवार

करारांची नावं. आमच्या प्रणालीत मासिक कराराच्या नावात महिना अक्षरांत येतो, साप्ताहिकाच्या नावात तारीख आकड्यांत. मासिक कोणता हे जुना कोड असं ठरवायचा: या तारखेत सात मिळवले की महिना बदलतो का, आणि वार गुरुवार आहे का. सप्टेंबरचा मासिक करार मंगळवारी ३० तारखेला संपतो. जुन्या कोडला तो साप्ताहिक वाटतो, आणि २५ सप्टेंबरच्या गुरुवारी मासिक करार असायला हवा होता अशी तक्रार तो करतो.

नवा नियम सोपा आहे: त्या महिन्यात संपणाऱ्या करारांपैकी सगळ्यात शेवटचा तो मासिक. फाइलमधून मिळतं. सुट्टी आली तरी आपोआप बरोबर येतं, कारण सुट्टीमुळे एक्सपायरी अलीकडे सरकली की फाइलमध्ये सरकलेलीच तारीख असते.

लांब मुदतीच्या ऑप्शन्सचं जरा नाजूक आहे. जून-डिसेंबरचे पाच वर्षांपर्यंतचे करार आधीच चालू असतात आणि त्यांची तारीख नव्या वाराला जुळवून घेतली जाणार. आमच्याकडे करार ओळखायची किल्ली म्हणजे चिन्ह, स्ट्राइक (ऑप्शनचा ठरलेला भाव) आणि एक्सपायरी. तारीख बदलली की ग्राहकाची जुनी पोझिशन कोणाचीच राहत नाही. जुन्या-नव्या तारखांची जोडणी वेगळ्या टेबलात ठेवली. अशा पोझिशन आमच्या ग्राहकांकडे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, पण त्या ज्यांच्याकडे आहेत ते फोनवर शांतपणे बोलणारे लोक नाहीत.

८ जुलै, मंगळवार

दोन दिवस ऑफिसात कामापेक्षा चर्चा जास्त. अमेरिकी ट्रेडिंग कंपनी जेन स्ट्रीटविरुद्ध सेबीचा ३ जुलैचा अंतरिम आदेश सगळे वाचतायत. ४,८४३ कोटींचा बेकायदा नफा असा आरोप, आणि तो मुख्यतः एक्सपायरीच्या दिवसांचा. कंपनीने आरोप नाकारलेत. आदेशात १७ जानेवारी २०२४ हा दिवस मिनिटामिनिटाने मांडलाय. आम्ही त्या दिवसाचा आमचा डेटा उघडून बघितला. बुधवार, बँक निफ्टीची एक्सपायरी. तेव्हा आमच्या सर्व्हरवर फक्त एवढंच दिसलं होतं की लोड जास्त आहे.

कालच सेबीचा एक अभ्यासही आला. २०२४-२५ मध्ये एफ अँड ओ (वायदे-ऑप्शन्स) करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९१ टक्के तोट्यात, एकूण निव्वळ तोटा १ लाख ५ हजार ६०३ कोटी. ज्युनिअरने विचारलं, "मग आपण हे कोणासाठी बनवतोय?" मी म्हटलं, आरएमएस निदान खात्यात नसलेले पैसे हरू देत नाही. उत्तर खरं आहे, पण पुरेसं नाही हे त्यालाही कळलं असावं. कंपनीचं उत्पन्न ऑर्डरच्या संख्येवर चालतं आणि ऑर्डर सगळ्यात जास्त एक्सपायरीला पडतात. हे इथे लिहून ठेवतो, कारण प्रकल्पाच्या सादरीकरणात ते कुठेच येणार नाही.

१८ जुलै, शुक्रवार

शेअरच्या ऑप्शन्सचं डिलिव्हरी मार्जिन. शेअरच्या करारांत एक्सपायरीला प्रत्यक्ष शेअर द्यावे-घ्यावे लागतात, म्हणून विकत घेतलेल्या आणि फायद्यात असलेल्या ऑप्शन्सवर शेवटच्या चार दिवसांत मार्जिन चढत्या पायऱ्यांनी लागतं: १०, २५, ४५, ७० टक्के. कोडमध्ये काही बदलायचं नाही, तो ट्रेडिंगचे दिवस मोजतो. बदललंय ते माणसांचं वेळापत्रक.

गुरुवारच्या एक्सपायरीत पहिली पायरी आदल्या शुक्रवारी यायची आणि मोठ्या पायऱ्या मंगळवारी-बुधवारी. डीलर आठवडाभर ग्राहकाला फोन करू शकायचा. आता सप्टेंबरचं बघा: २४ बुधवार, २५ गुरुवार, २६ शुक्रवार, मग शनिवार-रविवार, २९ सोमवार आणि ३० ला एक्सपायरी. म्हणजे ४५ वरून ७० ची उडी शनिवार-रविवार ओलांडून येते. शुक्रवारी दुपारी फोन उचलला नाही तर पुढचं बोलणं सोमवारी सकाळी, बाजार उघडताना.

मॅडमनी सांगितलं, ग्राहकाला सोमवारचा आकडा शुक्रवारीच दाखवा. छान सूचना. ती मूळ कामात नव्हती, तरी घेतली.

३० जुलै, बुधवार

किरकोळ ग्राहकांच्या अल्गो ट्रेडिंगचे नवे नियम १ ऑगस्टपासून लागू होणार होते, सेबीने ते १ ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलले. दोन माणसं मोकळी झाली. दोन्ही मी मागून घेतली.

२ ऑगस्ट, शनिवार

रंगीत तालीम. टेस्ट सर्व्हरचं घड्याळ २ सप्टेंबर सकाळी साडेआठला लावलं, एका जुन्या एक्सपायरीच्या दिवसाचा डेटा नव्या तारखा लावून सोडला आणि दिवसभराचा बाजार दोन तासांत वाजवला.

निफ्टीची खूण बरोबर, सेन्सेक्सची नाही पडली, तेही बरोबर. स्पॅनच्या (मार्जिन मोजायच्या) फायली दिवसभरात सहा वेळा येतात, त्या सहाही घेतल्या गेल्या. संध्याकाळचा एसटीटी जॉब मात्र चाललाच नाही. तो क्रॉनमध्ये नव्हता. खूप जुन्या एका डेटाबेस प्रोसीजरमध्ये होता, आणि तिथे वार नव्हता, "मागच्या शुक्रवारनंतर सहा दिवस" असं काहीतरी होतं. लिहिणारा कधीच कंपनी सोडून गेलाय. त्याने वरती टीप लिहिली होती: "हे कधी बदलणार नाही."

८ ऑगस्ट, शुक्रवार

या प्रकल्पातला सगळ्यात रंजक भाग. तो कोणी मागितलेलाही नव्हता.

आमचं किंमत-इंजिन इम्प्लाइड व्होलॅटिलिटी (आयव्ही, ऑप्शनच्या किमतीवरून निघणारा चढउताराचा अंदाज) काढताना उरलेला काळ कॅलेंडरच्या दिवसांत मोजतं, ३६५ ने भागून. बाजार बंद असताना फारसं काही हलत नाही, म्हणून खरं तर ट्रेडिंगचे दिवस, २५२ ने भागलेले, जास्त बरोबर. आजवर हा फरक डोळ्यांआड झाला कारण गुरुवारच्या एक्सपायरीत शनिवार-रविवार आठवड्याच्या सुरुवातीला यायचे, तेव्हा मुदत बरीच बाकी असायची. आता ते एक्सपायरीच्या तोंडावर येतात.

हिशेब करून बघितला. समजा खरी व्होलॅटिलिटी, ट्रेडिंगच्या दिवसांच्या मापाने, १२ आहे आणि जराही हलत नाही. गुरुवारच्या पद्धतीत शुक्रवारी बाजार बंद होताना सहा कॅलेंडर दिवस आणि चार ट्रेडिंग दिवस उरतात. आमची स्क्रीन ११.८ दाखवते. मंगळवारच्या पद्धतीत शुक्रवारी चार कॅलेंडर दिवस उरतात आणि ट्रेडिंगचे दोन, स्क्रीन १०.२ दाखवते. सोमवारी संध्याकाळी दोन्हीकडे १४.४. म्हणजे काही न घडता शुक्रवार ते सोमवार आकडा १०.२ वरून १४.४ वर उडी मारणार. डेस्कवरचा डीलर शुक्रवारी "ऑप्शन स्वस्त झालेत" म्हणून घेईल, आणि सोमवारी प्रीमियम जागच्या जागी किंवा खालीच बघून आम्हाला शिव्या देईल.

डेस्कवर दाखवलं. अनुभवी डीलर हसला, म्हणाला, "मी तुमच्या स्क्रीनचा आयव्ही बघतच नाही, स्ट्रॅडलची किंमत बघतो." स्ट्रॅडल म्हणजे एकाच स्ट्राइकचे कॉल आणि पुट मिळून. धाकटे मात्र आयव्ही बघतात. दोन्ही मापं शेजारी शेजारी दाखवायची असं ठरलं. एकदम माप बदललं तर जुन्या नोंदींशी तुलना मोडते आणि त्यावरच्या अलर्ट मर्यादा सगळ्या नव्याने बसवाव्या लागतात. ते ऑक्टोबरनंतर.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पाऊस कालपासून थांबलेला नाही. सरकारी कार्यालयांना सुट्टी, लोकल बंद, संध्याकाळी मोनोरेल मध्येच अडकल्याची बातमी. बाजार चालू. सेन्सेक्सची एक्सपायरीही.

सगळे घरून. फक्त सपोर्टचा एक मुलगा काल रात्री ऑफिसातच राहिला होता, त्याने सकाळी सगळं सुरू केलं. आज रिलीज करायचा नाही असं ठरवलं. दुपारी सरांनी विचारलं, "ब्रँच तयार आहे तर टाकूया का?" नाही. अशा दिवशी काही मोडलं तर दुरुस्त करायला माणूस पोचणार नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

बाजार बंद झाल्यावर रिलीज केलं. तक्त्यात सप्टेंबरच्या ओळी आहेत पण लागू व्हायला वेळ आहे, म्हणजे पुढचा आठवडा नवा कोड जुन्या वारांवर चालेल. मुद्दामच असं ठेवलं. २७ ला गणेश चतुर्थी, बाजार बंद, आणि टीममधले निम्मे कोकणात. २५ पासून कोड गोठवला.

२८ ऑगस्ट, गुरुवार

निफ्टीची शेवटची गुरुवारची एक्सपायरी, मासिक. काल गणपती बसले, त्यामुळे ऑफिसात माणसं कमी आणि मोदक जास्त. परवा, मंगळवारी, सेन्सेक्सची शेवटची मंगळवारची एक्सपायरी होऊन गेली. दोन्ही विनातक्रार. संध्याकाळचे सगळे जॉब नव्या पद्धतीने, फाइल वाचून चालले. जुने क्रॉन बंद करून ठेवलेत, अजून काढलेले नाहीत.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

विचित्र दिवस. काल एक आठवडा संपला आणि निफ्टीचा पुढचा २ सप्टेंबरला संपतोय: आज, सोमवार, मंगळवार. तीन सत्रांचा आठवडा. ग्राहकांचे फोन, "प्रीमियम एवढा कमी कसा, तुमची स्क्रीन अडकली का?" सपोर्टला दोन ओळींचं उत्तर लिहून दिलं. सेन्सेक्सचं उलट, २६ ला संपला तो आता थेट ४ सप्टेंबरला.

आयव्हीचे दोन आकडे शेजारी दिसतायत. धाकट्या डीलरने विचारलं, यातला खरा कोणता. मोठ्याने उत्तर दिलं, "ज्यावर सौदा होतो तो."

२ सप्टेंबर, मंगळवार

पहिली मंगळवारची निफ्टी एक्सपायरी. सकाळी ८:४० ला फाइल आणि तक्ता जुळल्याचा निरोप. ९:१५ ला बाजार उघडला. जादा ईएलएम निफ्टीला लागला, सेन्सेक्सला नाही. मॅडमनी स्वतः पाच ग्राहकांचं मार्जिन कॅल्क्युलेटरवर ताडून बघितलं. शेवटच्या अर्ध्या तासात सगळ्यांच्या नजरा घड्याळावर, कारण अंतिम सेटलमेंटचा भाव त्या अर्ध्या तासाच्या सरासरीवरून येतो. ३:३० नंतरही काही मोडलं नाही.

पावणेचारला मार्केटिंगचा एसएमएस सुटला: "या गुरुवारी निफ्टी एक्सपायरी, पोझिशन तपासा." ऑगस्टमध्ये कोणी बघितलं नव्हतं. आता तातडीने बघतायत.

४ सप्टेंबर, गुरुवार

सेन्सेक्सची पहिली गुरुवारची एक्सपायरी. ती नीट झाली. आजचा खरा विषय वेगळाच.

उद्या ईद, परवा अनंत चतुर्दशी. मिरवणुका एकमेकींत येऊ नयेत म्हणून राज्य सरकारने मुंबई शहर आणि उपनगरांत ईदची सुट्टी शुक्रवारऐवजी सोमवारी, ८ तारखेला केली. शेअर बाजार दोन्ही दिवशी चालू. सोमवारी मुंबईत बँका बंद, आणि रिझर्व्ह बँकेने त्या दिवशी सरकारी रोखे, परकीय चलन आणि मनी मार्केटचे व्यवहार व सेटलमेंट नसल्याचं कळवलं.

आमच्या सुट्ट्यांच्या टेबलात एकच रकाना आहे: सुट्टी, हो की नाही. ट्रेडिंग आहे पण बँक नाही, असा दिवस त्यात बसतच नाही. आजवर असे दिवस आले की सपोर्टवाला हाताने पे-इन पे-आउटच्या (पैसे आणि शेअर देण्या-घेण्याच्या) तारखा दुरुस्त करायचा. आजही केल्या. मी तिकीट उघडलं: ट्रेडिंग, सेटलमेंट, बँक आणि एक्सपायरी असे चार वेगळे रकाने. सरांनी लिहिलं, "पुढच्या तिमाहीत." मी तारखा लिहून उत्तर दिलं: २ ऑक्टोबरचा गुरुवार गांधी जयंती आणि दसरा, म्हणजे सेन्सेक्स १ तारखेला बुधवारी संपणार. २१ ऑक्टोबरचा मंगळवार लक्ष्मीपूजन, म्हणजे निफ्टी सोमवारी २० ला. आणि २१ लाच मुहूर्ताचा सौदा, म्हणजे बाजार बंद पण तासभर उघडा. एक्सपायरीच्या दृष्टीने सुट्टी, ऑर्डरच्या दृष्टीने दिवस.

तिकीट या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या चालू फेरीतच, आलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

जुने क्रॉन काढून टाकले. पायथनमधला ३ आता फक्त बॅकटेस्टच्या तक्त्यात आहे, तिथे तो इतिहास म्हणून हवाच. डीएलटीची मंजुरी आली. नव्या टेम्पलेटमध्ये वाराच्या जागी रकाना आहे. देखरेखीच्या मर्यादा वाराऐवजी "आज कोण संपतंय" यावर बसवल्या.

बाकी : चार रकान्यांचं टेबल अर्धं झालंय, मुहूर्ताच्या दिवसाची चाचणी ज्युनिअरकडे. आयव्हीचं माप दिवाळीनंतर. काकांनी मॅक्रो स्वतःच बदलल्याचं सांगितलं, "५ च्या जागी ३ केला, चालतंय." एक्सेलमध्ये ३ म्हणजे मंगळवारच, तेव्हा एनएसईपुरतं बरोबर आहे. २० ऑक्टोबरच्या सोमवारी ते चालणार नाही. फाइल अजून मागतोय.